व्हिटॅमिन आहे म्हणून काय झालं?

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहितोय. आपल्या भागातल्या मेडिकलवाल्या मित्रांना राग आला तर येऊ द्या.

माझ्या भाचीच्या तोंडावर पिंपल्स आलेत. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे, त्यामुळे घरात सगळ्यांनाच घाई. एका मेडिकलमधून (नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका दुकानाची नाहीच) तिला व्हिटॅमिन ए च्या कॅप्सूल मिळाल्या. रोज एक, दोन महिने. पाकिटावर २५,००० युनिट छापलंय. चिठ्ठी विचारली नाही, लग्न ठरलंय का तेही विचारलं नाही. वर ऐकवलं काय, तर "ताई, व्हिटॅमिनच आहे, काही होत नाही."

होतं ना! आयसीएमआरच्या हिशोबाने बाईला दिवसाला ८४० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन ए पुरतं, म्हणजे साधारण २,८०० युनिट. ही एक कॅप्सूल त्याच्या जवळपास नऊपट झाली. बी आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ए तसं जात नाही, ते चरबीत विरघळतं आणि लिव्हरमध्ये साठत राहतं. मग ओठ फुटतात, केस गळतात, डोकं ठणकतं, सांधे दुखतात, लिव्हरला सूज येते. त्यात पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर डोक्यातला दाब वाढून नजरेवर परिणाम होऊ शकतो. आणि या दोन्ही गोळ्या एकाच काउंटरवरून एकाच पिशवीत मिळतात, बोला!

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. १९९५ साली अमेरिकेत हजारो गरोदर बायकांची माहिती तपासली गेली. गोळ्यांमधून रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त ए घेणाऱ्यांच्या बाळांमध्ये जन्मजात व्यंग जास्त आढळलं. आता आपल्याकडचं कॅलेंडर बघा. लग्न ठरलं की चेहऱ्यासाठी गोळ्या सुरू, लग्न झालं की चार महिन्यांत सासूबाईंची "काही गोड बातमी?" सुरू. लिव्हरमध्ये साठलेलं ए तोपर्यंत संपलेलं असेलच असं नाही.

बरं, निदान पिंपल्स तरी जातात का? १९४३ मध्ये स्ट्रॉमफ्योर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने रोज एक लाख युनिट देऊन पाहिले होते. १९८१ मध्ये क्लिगमनने लिहिलं की बायकांना तीन लाख आणि पुरुषांना चार-पाच लाख युनिट दिले तर गुण येतो. म्हणजे गुण येणारा डोस हाच विषारी डोस. म्हणून तर जगाने हा नाद सोडला आणि आयसोट्रेटिनॉइन आलं. ते ए चंच भावंड, गुणकारी आहे, पण गर्भासाठी फार घातक. रक्त तपासून, गर्भ नाही याची खात्री करून, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायचं औषध. आपल्याकडे तेही मागितलं की मिळतं!

महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. त्यांनी फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध नको, हा साधा नियम पाळायला लावला, तर केमिस्ट संघटनांनी बंद पुकारला होता. त्यावरून काय ते समजा. पण दोष एकट्या त्यांचा नाही. टोलनाक्याविरुद्ध आपण फाट्यावर रस्त्यावर उतरतो, आणि डॉक्टरची फी वाचली म्हणून त्याच दुकानदाराला "भाऊ, काहीतरी द्या" असंही आपणच म्हणतो.

"अंगणवाडीत लहान पोरांना देतात की!" असं म्हणणाऱ्यांसाठी: तो डोस सहा महिन्यांतून एकदा असतो, नोंद करून, पाच वर्षांपर्यंतच. रोज नाही. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, अळू खुशाल खा. त्यातून शरीर लागेल तेवढंच ए बनवतं.

चेहऱ्याचा त्रास खरा आहे, पोरी आरसा टाळतात, ते मी बघतोय. मग पिंपरीला वायसीएममध्ये किंवा पुण्यात ससूनला जा, त्वचारोग विभाग आहे तिथे. घरात पाकीट असेल तर आज काढून किती युनिटचं आहे ते वाचा.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. गावातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये चिठ्ठीची पाटी लागावी, आणि आशाताईंनी लग्न ठरलेल्या मुलींना या गोळ्यांबद्दल विचारावं. सोबत कोण येतंय ते सांगा.