वीज का वाहते, हे घरच्या भाषेत सांगू या

आपल्या बेटावरची मुले केंब्रिजच्या परीक्षेला बसतात. तांबे वीज वाहून नेते, रबर नेत नाही, हे ती घडाघडा सांगतात. पण ‘का?’ असे विचारले की गप्प होतात. दोष मुलांचा नाही. मराठी आरतीपुरती आणि विज्ञान इंग्रजीपुरते, ही वाटणी आपणच केली आहे.

१८३३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांना एक नवल दिसले. धातू तापला की वीज कमी नेतो; सिल्व्हर सल्फाइड मात्र तापल्यावर जास्त नेऊ लागले! अशा अर्धसंवाहकांचे कोडे सुटायला १९३१ साल उजाडावे लागले. केंब्रिजचे ॲलन विल्सन जर्मनीत लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे गेले होते. स्वित्झर्लंडच्या फेलिक्स ब्लॉख यांचे १९२८ सालचे काम त्यांनी पुढे नेले.

त्यांचे म्हणणे आम्ही असे समजतो. गणेशोत्सवाचा हॉल डोळ्यांपुढे आणा. खाली माणसे इतकी दाटून बसली आहेत की कोणाला सरकता येत नाही. वरची गॅलरी रिकामी आहे. घन पदार्थात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचेही असेच पट्टे असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कोणालाच थारा नाही. खालचा पट्टा भरलेला आणि जिना फार उंच, तर तो विसंवाहक, जसा हिरा. जिना ठेंगणा असेल, तर उष्णतेने काही जण वर चढतात आणि मोकळे फिरतात. खाली सुटलेल्या जागांमुळे तिथेही हालचाल सुरू होते. हा अर्धसंवाहक, जसे सिलिकॉन. तांब्यात पट्टा मुळातच अर्धवट भरलेला, म्हणून वाट सदा मोकळी. मात्र तापल्यावर अणू जास्त थरथरतात आणि वाहणाऱ्यांना अडथळा होतो.

छपरावरच्या सोलर पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनांना जिना चढवण्याचे काम सूर्यप्रकाश करतो.

काही पालक म्हणतील, ‘पेपर इंग्रजीत, मग मराठीचा उपयोग काय?’ आमचे उत्तर सरळ आहे. शब्द परीक्षेसाठी इंग्रजीत शिकावेत. अर्थ आधी मनात उतरावा लागतो, आणि तो घरच्या बोलीत लवकर उतरतो. ब्लॉख, हायझेनबर्ग, विल्सन यांच्या मातृभाषा एक नव्हत्या, तरी विचार अडला नाही. फॅरडे तर लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याचे काम शिकता शिकता तीच पुस्तके वाचून तो शास्त्रज्ञ झाला.

तेव्हा या रविवारी जेवणानंतर मुलांना जवळ बसवा आणि हॉलची गोष्ट सांगा. जी भाषा घरात फक्त देवापुढे बोलली जाते, ती मुलांच्या विचारात टिकत नाही.