टाकीत आधी दगड, मग मासे

‘समुद्री माशांची टाकी घरी ठेवायची आहे, मासे कोणते घ्यावेत?’ असे आम्हांला बरेच वाचक विचारतात. आमचे उत्तर एकच असते: माशांचे नंतर बघू, आधी दगडाचे बोला. गोड्या पाण्याच्या टाकीत दगड शोभेसाठी असतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे जगणार की मरणार, हे बरेचसे त्या दगडावर ठरते.

या दगडाला बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. मेलेल्या प्रवाळांच्या चुनखडीपासून तो बनतो. दगड स्वतः जिवंत नसतो. त्याच्या बारीक छिद्रांत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, म्हणून तो ‘जिवंत’. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेले खाणे कुजले की आणखी अमोनिया होतो. तो थोडासुद्धा साचला तरी माशांना विषासमान. दगडावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट त्या मानाने सौम्य. दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून तो हवेत सोडून देतात.

म्हणून दगड निवडताना रंगापेक्षा वजन पाहा. आकाराने मोठा पण हातात हलका वाटणारा, भोकाभोकांचा दगड चांगला. जड आणि घट्ट दगडात जिवाणूंना जागा कमी. जुना अंदाज असा की शंभर लिटर पाण्याला दहा-बारा किलो दगड लागतो. हलका असेल तर कमीही पुरतो. नाकाजवळ धरून पाहा. समुद्राचा वास ठीक, पण सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी आली तर आतले जीव मेलेले आहेत, तो दगड परत ठेवा.

ओल्या लाइव्ह रॉकबरोबर नको असलेले पाहुणेही येतात. काचेसारखे पारदर्शक, झपाट्याने पसरणारे समुद्रफूल किंवा रात्री टकटक आवाज करत माशांवर झडप घालणारे मँटिस कोळंबे हे त्यांपैकी नेहमीचे. अशा वेळी काही जण दगड उकळून स्वच्छ करायला निघतात. हे कधीही करू नका. दगडावर काही जातींचे मऊ, बटणासारखे प्रवाळ असले तर त्यांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. ते वाफेबरोबर घरभर पसरते आणि परदेशांत यामुळे घरातली माणसे रुग्णालयात दाखल करावी लागली आहेत. दगड हाताळताना हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर दगडाला हात लावू नका आणि मुलांना दूर ठेवा.

मग दगड आणायचा कुठून? कोकणातल्या वाचकांना वाटेल, समुद्र तर दारातच आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत हे खरे. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यानुसार दगडी प्रवाळांना आपल्याकडे वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. ते तोडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे. दुकानदार ‘इथलाच माल आहे’ म्हणून स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका. अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणे १९९७ पासून बंद आहे. तेथे खाणीतला चुनखडक समुद्रतळाशी ठेवून, त्यावर जीव वाढू देऊन मग विकतात.

आमचा सल्ला सुक्या दगडाचा. खाणीतला सच्छिद्र चुनखडक किंवा मत्स्यालयासाठीच बनवलेला कृत्रिम दगड घ्या. त्यात कीड येत नाही, समुद्रही उजाड होत नाही. फक्त तो जिवंत व्हायला वेळ लागतो. टाकीच्या तळाशी आधी दगड ठेवा, वाळू नंतर ओता; वाळूवर ठेवलेला दगड ती खचली की कलंडतो आणि काच फुटते. मागच्या काचेला टेकवू नका, चहूबाजूंनी पाणी फिरू द्या. खारे पाणी भरा, पंप चालू ठेवा आणि कोळंबीचा एक लहान तुकडा टाका. तो कुजून अमोनिया होईल आणि तेच जिवाणूंचे पहिले अन्न. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला एखादा लहान दगड विरजणासारखा उपयोगी पडतो.

चाचणीच्या किटने पाणी तपासत राहा. अमोनिया वाढेल आणि उतरेल. मग नायट्राइट वाढेल आणि उतरेल. दोन्ही शून्यावर आले की एखाद-दुसरा मासा आणा. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, सुक्या दगडाला कधी अधिकही.

पुढेही दोन गोष्टी सांभाळा. दगड कधी नळाच्या पाण्याने धुऊ नका, त्यातले क्लोरीन जिवाणू मारते. टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या. वीज तासन्‌तास गेली तर पाणी फिरायचे थांबते आणि माशांबरोबर दगडातले जिवाणूही गुदमरतात, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या.

मुले रोज विचारतील, ‘मासे कधी येणार?’ त्यांना चाचणीचे रंग दाखवा, वहीत आकडे लिहायला लावा. दीड-दोन महिने थांबण्याची तयारी ज्या घरात नाही, त्या घराने समुद्री मासे आणू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.