जयपूरच्या गल्लीतलं जंतर-मंतर

जयपूरला जायचं ठरलं तेव्हा घरी तीन याद्या तयार झाल्या. आईच्या यादीत लाखेच्या बांगड्या, भाच्याच्या यादीत हत्ती आणि किल्ले, आणि माझ्या यादीत एक गोष्ट सगळ्यात वर: जुन्या शहरातून गाइडसोबत चालत करायची जादूटोणा आणि तंत्रमंत्राची सफर. पाऊण दिवस पायी, विषय भुताखेतांचा. अकरा वर्षांचा भाचा तर उड्याच मारायला लागला.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळी साडेसात वाजता बडी चौपडला आम्ही दहा-बारा जण जमलो. थंडी चांगलीच होती. दुकानं उघडायची होती, पण लिंबू-मिरच्या ओवून विकणारा आधीच हजर होता. लोखंडी शनिदेव तेलाच्या भांड्यात ठेवून दान मागणारेही दिसले. "सुरुवात इथूनच," गाइड हसत म्हणाले.

चौकाखाली काय आहे?

सवाई जयसिंग दुसरे यांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं. विद्याधर भट्टाचार्य यांनी नऊ चौकटींचा नकाशा आखला. नऊ ग्रह, नऊ निधी, असा त्यामागचा हिशेब सांगतात. मोठ्या चौकांच्या खाली यंत्रं पुरली आहेत, असंही इथले लोक मानतात. बडी चौपडखाली लक्ष्मीचं, छोटी चौपडखाली सरस्वतीचं आणि रामगंज चौपडखाली दुर्गेचं. यंत्र म्हणजे मशीन नव्हे, तर धातूच्या पत्र्यावर कोरलेली त्रिकोण-चौकोनांची आकृती. हे ऐकून भाचा बराच वेळ जमिनीकडे बघत चालत होता.

जौहरी बाजारात ग्रहांचे खडे, पुढे त्रिपोलियाकडे जडीबुटी, हळकुंडं, धूप आणि काळे दोरे. गाइड प्रत्येक वस्तू हातात घेऊन दाखवत होते. नजर लागू नये म्हणून कोण काय बांधतं, वाटेवर पडलेलं लिंबू का ओलांडत नाहीत. आई मध्येच म्हणाली, "आमच्याकडे मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकतात. तडतडलं की दृष्ट निघाली." सगळे हसले. राजस्थान काय नि सातारा काय, आजीची पद्धत सारखीच!

आपला माणूस ब्रह्मपुरीत

नंतर ब्रह्मपुरीत गेलो. इथे पुंडरीकजींची हवेली आहे. तिच्या एका खोलीतली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. हे रत्नाकर पौंडरीक जयसिंगांचे गुरू, मूळचे महाराष्ट्रीय. तंत्र आणि यज्ञविद्येतले जाणकार म्हणून त्यांचा मोठा मान होता. व्रतांवरचा 'जयसिंहकल्पद्रुम' हा ग्रंथ त्यांचाच. तीनशे वर्षांपूर्वी एक मराठी माणूस इतक्या लांब येऊन राजाचा गुरू झाला, हे ऐकून आईची मान उगाचच ताठ झाली.

तिथून वर डोंगरावर नाहरगड दिसतो. 1734 मध्ये तो बांधताना दिवसभर रचलेली भिंत रात्री पडायची, अशी आख्यायिका आहे. नाहरसिंग भोमिया यांचा आत्मा अडवत होता म्हणे. शेवटी किल्ल्यात त्यांचं ठाणं बांधलं, त्यांचंच नाव किल्ल्याला दिलं आणि काम पुढे सरकलं. मला ही गोष्ट फार आवडली. इथे भुताला कुणी मारलं नाही, बांधलं नाही, जागा आणि मान दिला.

आईचा प्रश्न

चहासाठी थांबलो तेव्हा आईने गाइडना बाजूला घेतलं. मला वाटलं, बांगड्यांचं दुकान विचारत असेल. पण माझ्या कानावर आलं ते असं: "मेहंदीपूर इथून किती लांब? एका दिवसात होईल का?"

मेहंदीपूर बालाजी जयपूरपासून शंभरेक किलोमीटरवर, आग्र्याच्या रस्त्याला. बालाजी, प्रेतराज सरकार आणि भैरव अशी तिथली दैवतं. भूतबाधा उतरते या श्रद्धेने देशभरातून लोक येतात. तिथला प्रसाद घरी न्यायचा नाही, निघताना मागे वळून बघायचं नाही, असा रिवाज.

आणि मला एकदम कळलं की आईची जयपूरची यादी बांगड्यांची नव्हतीच.

भाच्याला दोन वर्षांपासून फिट्स येतात. डॉक्टरांनी अपस्मार सांगितलाय. रोज दोन वेळा गोळ्या चालू आहेत. गेल्या आठ महिन्यांत एकच झटका आला. पण तो आला शाळेत, सगळ्या मुलांसमोर. तेव्हापासून कुणीतरी आईच्या डोक्यात 'बाहेरचं' भरवलं होतं.

गाइड क्षणभर थांबले. भुताच्या गोष्टी सांगूनच त्यांचं पोट चालतं, तरी ते म्हणाले, "माताजी, दर्शनाला जरूर जा. पण मुलाची गोळी चालू असेल तर एक वेळसुद्धा चुकवू नका. माझ्याकडे गोष्टी आहेत, औषध नाही."

भाचा मागेच उभा होता. त्याने हळूच मला विचारलं, "मावशी, माझ्यात भूत आहे का?"

खरं सांगते, सकाळपासूनची सगळी मजा त्या एका वाक्याने उतरली. आपण मोठी माणसं गंमत म्हणून ऐकतो, पण ज्याच्या घरात आजार आहे त्याला तीच गोष्ट स्वतःबद्दलची वाटते. राजस्थानात 'डाकण' ठरवून बायकांचा छळ व्हायचा, अजूनही होतो, म्हणून 2015 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साखळीने बांधणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

"नाही रे," मी म्हणाले. "मेंदूत जास्तीची वीज चमकते, तेवढंच." त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही.

दुसरं यंत्र

शेवटचा टप्पा जंतर-मंतर. नाव ऐकून भाच्याला वाटलं होतं, इथे जादूगार असणार. 'जंतर' म्हणजे पुन्हा यंत्रच, पण हे यंत्र वेगळं. इथलं सम्राट यंत्र म्हणजे सुमारे 27 मीटर उंच दगडी घड्याळ. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. भाच्याने सावलीच्या कडेला बोट टेकवलं आणि ती खरंच सरकताना बघितली.

"पण हे चुकतंय!" तो ओरडला. मोबाइलवर 10:35, यंत्रावर 9:54.

गाइड खूश झाले. आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर चालतात. जयपूर त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य इथे सुमारे 27 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. उरलेली 14 मिनिटं पृथ्वीच्या लंबगोल कक्षेची आणि कललेल्या अक्षाची. हा आकडा रोज थोडा बदलतो. बेरीज 41. भाच्याने वजाबाकी करून पाहिली, बरोबर जुळली.

याच जयसिंगांच्या दरबारात जगन्नाथ सम्राट होते. तेही मराठी मुलुखातले म्हणून ओळखले जातात. त्यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. म्हणजे एकच राजा, एका हाताला पुंडरीक, दुसऱ्या हाताला जगन्नाथ. चौकाखालचं यंत्र मानायचं असतं. हे यंत्र मात्र कुणीही तपासू शकतं, आणि फरक का पडला ते शोधताही येतं. मुलाच्या आजाराला मला या दुसऱ्या यंत्राची वाट हवी.

रात्री आईशी बोलले. रागावून नाही. झटका कधी आला, गोळी किती वाजता दिली, झोप किती झाली, हे सगळं आम्ही वहीत लिहितो. ती वही तिला दाखवली. शाळेतल्या झटक्याच्या आदल्या रात्री लग्नघरात जागरण झालं होतं आणि गोळी राहून गेली होती. आई बराच वेळ वहीकडे बघत राहिली.

तुमच्या घरी, शेजारी कुणाला फिट येत असेल तर एवढं लक्षात ठेवा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, वेळ मोजा. तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका. घट्ट धरून ठेवू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर थेट दवाखाना. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, योग्य उपचार मिळाले तर दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेहंदीपूरला गेलो नाही. आईनेच नको म्हटलं, पण "पुढच्या वेळी नुसतं दर्शन" असंही वर जोडलं. चालेल. निघताना तिने भाच्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला, मग पर्समधून पाण्याची बाटली आणि आठ वाजताची गोळी काढली.

दोऱ्याला मी काही बोलले नाही. गोळी त्याने माझ्यासमोर घेतली.