धुळीच्या अंगावरील आम्ल

दिल्लीत बिऱ्हाड केलेल्या मराठी गृहिणीला वैशाख-ज्येष्ठातील ‘आँधी’ची ओळख लौकरच होते. खिडक्या लावून घेतल्या तरी राजस्थानकडून आलेली पिवळसर धूळ फळीवरील भांड्यांवर बसतेच. ही धूळ म्हणजे निव्वळ माती, असा आपला समज असतो. वाचकहो, तो तितकासा खरा नाही.

मोटारींच्या इंजिनांत आणि वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत प्रखर उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होतो. त्यांतून निघालेल्या वायूंचे, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, हवेतच नायट्रिक आम्ल बनते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला असता बारीक फेस येऊन पांढरा डाग पडलेला आपण पाहिला असेल. फरशी चुनखडीची, म्हणून असे होते. उत्तरेकडील धुळीतही चुनखडीचा अंश पुष्कळ आहे. आम्लाची गाठ पडताच कणातून कर्बवायू निघून जातो आणि कणावर कॅल्शियम नायट्रेटचे पूट चढते. हे लवण ओलावा फार शोषते. कण ओलसर होतो आणि ओलसर कणावर आणखी आम्ल मुरते.

मुंबईच्या किनाऱ्यावर हीच घडामोड मिठाच्या कणांवर चालते. लाटांच्या तुषारांतील मीठ वाऱ्याबरोबर येते. शहरातील धुरापासून बनलेले आम्ल त्याला भेटले, की त्यातील क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने उडून जाते व मागे सोडियम नायट्रेट उरते. फटाक्यांच्या दारूतील सोरा हा याचाच भाऊबंद!

मग धूळ शत्रू मानावी की मित्र? आमच्या मते प्रश्न इतका सरळ नाही. भारतातील पाऊस युरोपातील औद्योगिक प्रदेशांसारखा सर्रास आम्लधर्मी झाला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी या चुनखडीयुक्त धुळीकडेच जाते. शिवाय तिचे कण जाड असल्याने पुष्कळसे नाकाघशातच अडतात. दमेकऱ्याला मात्र तेही सोसत नाहीत.

थंडीत चित्र पालटते. खते घातलेली शेते, गोठे व गटारे यांतून निघणारा अमोनिया आम्लाशी संयोग पावून अमोनियम नायट्रेट बनते. उन्हाळ्याच्या उष्णतेत ते विरून पुन्हा वायुरूप होते. पौषाच्या गारठ्यात टिकून राहते. त्याचे कण २.५ मायक्रोमीटरहून बारीक असतात, म्हणून श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर उतरतात. ओलावा शोषून ते फुगतात व दृष्टी अंधुक करणारे धुरकेही दाट करतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा सविस्तर अभ्यास आरंभिला, त्यात अशा कणांचीही मोजदाद होते.

दिल्लीच्या रस्त्यांवर पाणी शिंपडणाऱ्या गाड्या फिरताना दिसतात. त्यांनी रस्त्यावरील जाड धूळ बसते, हे खरे. परंतु हिवाळ्यातील हे बारीक नायट्रेट रस्त्यावरून उडालेले नसते. ते वायूंपासून हवेतच जन्म घेते, आणि त्यातील आम्लाचा उगम शेजारून गेलेल्या मोटारीच्या धुराड्यात असतो.