सही सर्वांत शेवटी वाचा

जपानी तलवार हाती आली की बहुतेकांची पहिली धाव मुठीकडे असते. बांबूची खुंटी काढायची, मूठ उतरवायची आणि नाकागोवर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या पात्याच्या भागावर, कोणाचे नाव कोरले आहे ते बघायचे. नाव यादीत सापडले की नोंदवही बंद. आमच्याकडे येणारी छायाचित्रेही बहुधा सहीचीच असतात. पात्याचे एकही नसते.

हा क्रम उलटा हवा. आधी पात्याचा बाक आणि घडण, मग पोलादाचा पोत, मग धारेलगतची हामोनची रेघ, त्यानंतर नाकागोचा आकार, गंज आणि कानशीचे ओरखडे. एवढे पाहून काळ आणि घराणे यांचा अंदाज बांधावा आणि मगच सही वाचावी. सहीची शहानिशा पात्यावरून करायची असते, पात्याची सहीवरून नव्हे.

याचे कारण असे की खोटी सही हा धंदा तलवारींच्या हौसेइतकाच जुना आहे. सतराव्या शतकात एदोमध्ये नावारूपाला आलेला नागासोने कोतेत्सु मुळात चिलखते घडवणारा. त्याच्या तलवारींना इतकी मागणी आली की कोतेत्सुची सही दिसली तर ती आधी खोटी धरावी, असे जाणकार आजही सांगतात. एकोणिसाव्या शतकातला काजिहेई नाओमित्सु तर खोट्या सह्यांसाठीच ओळखला जातो. पण कोतेत्सुच्या सहीत एक खूण आहे. त्याच्या नावातल्या ‘वाघ’ या अक्षराचा शेवटचा फटकारा सुरुवातीच्या काळात वर उडवलेला असतो. १६६४ पासून तेच अक्षर पेटीसारखे चौकोनी होते. ओसाकाच्या त्सुदा सुकेहिरोनेही १६७४ मध्ये टोकदार, सुट्या अक्षरांची सही सोडून वळणदार सही धरली. सहीचे वळण आणि शेजारी कोरलेले वर्ष जुळले नाही, तर नक्कल करणाऱ्याला ही तारीख ठाऊक नव्हती असे समजावे.

सही भिंगाखाली धरा. छिन्नीच्या घावाने धातू दोन्ही कडांना किंचित उचलला जातो. अस्सल जुन्या सहीत या उचललेल्या कडा झिजून मऊ झालेल्या असतात आणि चरीच्या तळाचा गंज भोवतालच्या गंजाशी एकजीव असतो. गंजावरून नंतर कोरलेली सही कडांपाशी उघडी पडते. रोज तेच नाव कोरणाऱ्या लोहाराचे घाव सलग, एका दमात पडलेले असतात. नक्कल करणाऱ्याचा हात अक्षराच्या वळणावर थबकतो. सही कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. धार खाली ठेवून कमरेला लटकवायच्या ताचीवर आणि धार वर ठेवून खोचायच्या कतानावर ती सहसा विरुद्ध बाजूंना असते. मात्र हिझेनच्या तादायोशी घराण्याने कतानावरही ताचीच्या बाजूलाच सही केली, म्हणून एवढ्यावरून तलवार खोटी ठरवू नये.

अस्सल सहीसुद्धा सारखीच बोलत नाही. सोळाव्या शतकात ओसाफुनेत सुकेसादा नावाचे अनेक लोहार होते. घाऊक मालावर त्रोटक सही असे. खास मागणीच्या तलवारीवर लोहाराचे व्यक्तिनाम आणि पुष्कळदा तारीखही कोरलेली असे. फुकुओकाच्या संग्रहालयातली हेशिकिरी हासेबे तर लांबी कमी केलेली आणि मूळ सही नसलेली. तिच्यावरचे सोन्याचे नाव पारखी होनआमि कोतोकुने दिलेला निर्णय आहे, लोहाराची सही नव्हे. अशा सोन्याच्या अक्षरांना सही म्हणून नोंदवणे ही चूक आपल्याकडे सर्रास होते.

१९४५ मध्ये ब्रह्मदेश आणि मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी भारतीय पलटणींच्याही हाती आल्या. त्यांत घरची जुनी पाती लष्करी मुठीत बसवलेली सापडतात आणि युद्धकाळातली घाऊक पातीही. नाकागोवर ‘सेकी’ किंवा ‘शोवा’चा बारीक शिक्का असेल तर पाते पारंपरिक पद्धतीने घडवलेले नाही असे धरावे. या पात्यांवरच्या सह्या बऱ्याचदा सह्या कोरणाऱ्या कारागिरांच्या हातच्या असतात, तेव्हा तिथे हस्ताक्षर जुळवण्यात वेळ घालवू नये.

एका गोष्टीवर आमचे मत ठाम आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानची कलात्मक तलवार जतन संस्था खोट्या सहीच्या तलवारीला प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अशी सही घासून काढण्याची प्रथा तिकडे आहे. बाजारासाठी ते ठीक असेल, संग्रहालयासाठी नाही. दोनशे वर्षांपूर्वी कोरलेली खोटी सही हीसुद्धा त्या तलवारीच्या इतिहासाची नोंद आहे, आणि घासलेली सही परत येत नाही. शिवाय आजची पारख उद्या बदलू शकते.

तेव्हा संवर्धकांना विनंती: नाकागोला पॉलिश, आम्ल, लोखंडी ब्रश यांतले काहीही लावू नका, सही वाचता येत नसली तरी नको. पातळ कागदावर ठसा घ्या, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. आमच्याकडे पाठवाल तेव्हा सोबत संपूर्ण पात्याचे एक छायाचित्र जरूर जोडा.