पाच वाजताचा वर्ग

गाण्याने पोट भरत नाही, हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. ते पितळेच्या भांड्यांबरोबर वारसाहक्काने येते. मुलाला पेटीच्या वर्गाला घालायचे ते हौसेने, ‘प्रारंभिक’ला बसवायचे ते अभिमानाने, आणि दहावीचे वर्ष आले की पेटी माळ्यावर चढवायची ती शहाणपणाने. मधल्या काळात एकदोन प्रशस्तिपत्रे पदरात पडलेली असतात. त्यांवर गांधर्व महाविद्यालय मंडळाचे नाव असते. पण ते महाविद्यालय मुळात कुणासाठी निघाले आणि तिथल्या मुलांच्या जेवणाची सोय कोण करी, हा प्रश्न प्रशस्तिपत्राला चौकट करून घेणाऱ्याला सहसा पडत नाही.

जेवणाचे मी मुद्दाम काढले. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर म्हटले की आपल्याला आठवतो तो पगडीतला भारदस्त फोटो आणि त्यांची भजने. पण या गृहस्थांच्या आयुष्याचा निम्मा हिशेब डाळतांदळाचा आहे. 1872 साली कुरुंदवाडला एका कीर्तनकाराच्या घरी जन्म. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे भाजले आणि शाळा सुटली. (दिवाळीच्या दिवसांत हे वाचणाऱ्या आईबापांनी एवढे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.) डोळे गेले म्हणून गाणे आले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम झाली. तिथली एक आठवण सांगतात. गावात काही समारंभ होता. संस्थानचा आश्रित म्हणून विष्णूला बोलावणे आले, त्याच्या गुरूंना मात्र नाही. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, ते काय, गवईच. हे ‘गवईच’ त्यांच्या मनात सलत राहिले म्हणतात. 1896 साली त्यांनी मिरज सोडली, गावोगाव गात उत्तरेला गेले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा राजाच्या पदरी राहून नव्हे. लोकांची वर्गणी आणि स्वतःच्या जलशांची तिकिटे यांच्या भरवशावर. आजच्या भाषेत सांगायचे तर, नफ्यासाठी नसलेली संस्था.

पहिले काही दिवस विद्यार्थी फिरकेनात. तरी वेळ झाली की बुवा तंबोरा जुळवून एकटेच गात बसत, असे सांगतात. मला या सगळ्या चरित्रातला हाच प्रसंग फार मोठा वाटतो. गायकाला रिकाम्या खोलीत गाणे अवघड नाही; तो रियाजच असतो. अवघड आहे ते ठरल्या वेळेला वर्ग उघडा ठेवणे.

पुढे मुले आली, आणि जी आली त्यांत घरची ओढगस्त असलेली पुष्कळ होती. बुवांनी उपदेशक वर्ग काढला. त्यात राहणे, खाणे, कपडे, शिक्षण सगळे संस्थेचे. मुलाने अनेक वर्षे राहायचे, शिकायचे आणि मग देशभर जाऊन शिकवायचे. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयातच लाहोरला गेले ते याच घरात. ओंकारनाथ ठाकुरांचे उदाहरण तर अंगावर काटा आणते. 1897 चा जन्म, गुजरातमधल्या खेड्यातला. पोरवयात कुणाच्या घरी स्वयंपाक केला, गिरणीत काम केले, रामलीलेत कामे केली. एका पारशी सद्गृहस्थाच्या मदतीने मुंबईला बुवांच्या शाळेत आले, आणि विशीच्या आत, 1916 साली, लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. गाण्याने पोट भरले की नाही ते राहू द्या. आधी पोट भरले, म्हणून गाणे झाले.

हे सगळे मला आता आठवण्याचे कारण म्हणजे माझी एक जुनी विद्यार्थिनी. एम. ए. ला चांगली होती. प्राध्यापकी करील असे वाटले होते. तिचे वडील मंडईत भेटले की माझ्या पिशवीतल्या मेथीकडे पाहत म्हणतात, “सर, तिला तुम्ही तरी समजवा. निदान बी. एड. करायला सांगा.” ती काय करते, तर नदीपलीकडच्या वस्तीत मुलांना संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेत काम करते. स्वतः शिकवीत नाही. तिच्या हुद्द्याला ‘समन्वयक’ म्हणतात, आणि ज्या कामाला दुसरे नाव सापडत नाही त्याला हा शब्द वापरतात असे माझे मत आहे.

मागच्या महिन्यात ती घरी आली होती. मी विचारले, “दिवसभर गाणे ऐकायला मिळत असेल, नाही?”

“सर, गाणे मी वीस मिनिटे ऐकते,” ती म्हणाली. “बाकी वेळ मी जिने चढते.”

संस्थेची एक भाड्याची खोली आहे, गिरणीच्या वरच्या मजल्यावर. गिरणी म्हणजे पिठाची. पाच वाजता वर्ग भरतो. पेटी शिकवायला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात, तबल्याला एक तरुण मास्तर, आणि वस्तीतल्याच एक मावशी मुलांसाठी पोहे नाहीतर उप्पीट करतात. हजेरी हिच्याकडे. चार वाजून पन्नास मिनिटांनी जो मुलगा दिसत नाही त्याच्या घरी ही जाते. कुणाला धाकट्या भावाला सांभाळायचे असते, कुणाच्या घरी पाणी त्याच वेळेला येते, कुणी दहाव्या वर्षीच गाड्या पुसायला लागलेला असतो. ही पाण्याच्या रांगेत त्याच्या जागी उभी राहते आणि त्याला वर्गाला पाठवते. हंडा भरला की घरी नेऊन ठेवते. याला अनुदानाच्या अर्जात रकाना नाही. तिथे विचारतात, किती मुलांमध्ये सुधारणा झाली? मी म्हटले, हा रकाना आमच्या महाविद्यालयात आला तर मोठी पंचाईत होईल.

मग तिने हलगीची हकीकत सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे.

वर्गात एक मुलगा होता, बारातेरा वर्षांचा. हाताला विलक्षण लय. बाकावर, डब्यावर, दाराच्या फळीवर त्याची बोटे चालूच. तबल्याच्या मास्तरांनी कुठून तरी एक हलगी आणली आणि त्याच्या हातात दिली. पोरगा असा वाजवू लागला की खालची गिरणी बंद करून गिरणीवाला वर आला. सगळे खूष. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ते खूष नव्हते.

“ताई,” ते म्हणाले, “माझा बाप गावात हीच वाजवायचा. कुणाच्या दारात, कुणाच्या मयताला, बोलावलं की जायचं. पायताण काढून उभं राहायचं. आम्ही ती टाकली आणि गाव सोडून इथं आलो. तुम्ही ती माझ्या पोराच्या गळ्यात पुन्हा अडकवता?”

आपण विद्यापीठात लोककलांवर चर्चासत्रे भरवतो, हलगीच्या बोलांवर निबंध वाचतो, त्या जतन केल्या पाहिजेत असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करतो. बाबासाहेबांच्या शिकवणीनंतर कितीतरी घरांनी ही वाद्ये खाली ठेवली, ती संगीताचा कंटाळा आला म्हणून नव्हे. त्या घरांत गाण्याने पोट भरत होते. पण मान खाली घालून. ‘गाण्याने पोट भरत नाही’ ही म्हटली तर आपली चैनच आहे. ज्यांचे भरत होते त्यांनी ते सोडले, यातली किंमत आपल्याला कळायला वेळ लागतो.

“मग तू काय केलेस?” मी विचारले.

“मी त्यांना बसायला सांगितले, चहा दिला, आणि विचारले, तुम्हाला त्याने काय शिकावे असे वाटते? ते म्हणाले, पेटी. समोर ठेवून, सतरंजीवर बसून वाजवायची असते ती.”

सतरंजीवर बसून. मिरजेचे ‘गवईच’ आणि हे सतरंजीवर बसणे यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण दुखणे एकाच जातीचे आहे. फरक एवढाच की बुवांच्या वर्गाची पायरी या मुलाच्या आजोबाला चढता आली असती की नाही, याची मला शंका आहे. बुवांनी गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती भजनाच्या, सोवळ्या वळणाची; त्या प्रतिष्ठेत मुसलमान उस्तादांना आणि गाणाऱ्या घराण्यांतल्या बायकांना जागा कमी उरली, असा आक्षेप अलीकडचे अभ्यासक घेतात. मला तो बराचसा पटतो. बुवांचे काम त्याने लहान होत नाही. अपुरे मात्र ठरते.

असल्या कामाची दुसरी एक गोष्ट पार दक्षिण अमेरिकेतली आहे. व्हेनेझुएलाच्या कराकस शहरात 1975 साली होसे आंतोनियो आब्रेऊ नावाच्या संगीतकाराने एका गॅरेजमध्ये तालीम ठेवली, तिला अकरा जण आले. बुवांपेक्षा अकरांनी नशीब बरे. त्यातून पुढे लाखो मुलांना व्हायोलिन-बासरी देणारी देशव्यापी यंत्रणा उभी राहिली, ‘एल सिस्तेमा’. गुस्ताव्हो दुदामेल हा जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक तिथलाच. गरिबीत भाकरी नसते यापेक्षा आपण कुणीच नाही असे वाटते हे अधिक वाईट, असे आब्रेऊ सांगत. पण त्यांची यंत्रणा सरकारी पैशावर चाले, आणि 2014 साली एका इंग्रज अभ्यासकाने पुस्तक लिहून तिथल्या हुकमी शिस्तीवर आणि फुगवून सांगितलेल्या फळांवर बोट ठेवले. 2017 च्या निदर्शनांत तिथेच शिकलेला अठरा वर्षांचा एक व्हायोला वाजवणारा मुलगा कराकसच्या रस्त्यावर मारला गेला. वाद्य हातात दिले की मुलाचे सगळे भले झाले, असे जो सांगतो त्याच्याकडून अनुदानाचा अर्ज तरी लिहून घ्यावा. बाकी काही घेऊ नये.

पैशाचा विषय निघालाच आहे. विष्णू दिगंबरांनी 1908 साली मुंबईला शाखा काढली आणि पुढे सँडहर्स्ट रोडला विद्यालयाची स्वतःची इमारत बांधली, कर्ज काढून. मुलांचे जेवणखाण, शिक्षकांचे पगार, छापखाना, वाद्ये दुरुस्त करण्याची शाळा, हे सारे चालायचे बुवांच्या जलशांवर. एक माणूस गातो आणि त्या गळ्यावर एवढे घर उभे राहते. 1924 च्या सुमारास ती इमारत कर्जापायी लिलावात गेली. मुंबईत तेव्हा त्यांचे गाणे ऐकून माना डोलावणारे धनिक कमी नसावेत. बुवा नाशिकला आश्रमात राहू लागले आणि 1931 साली मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून मंडळ स्थापन केले, पुढच्या वर्षी विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले. जेवू घातलेली मुले उभी राहिली. इमारत गेली ती गेलीच.

माझ्या विद्यार्थिनीला मी हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, “आम्हालाही लोक पेट्या देतात, सर. दिवाळीच्या आवराआवरीत तर चार-चार येतात. सूर गेलेल्या, भाता फाटलेल्या. त्यांवर देणाऱ्याचे नावही रंगवून हवे असते. पेटी दुरुस्त करणाऱ्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. खोलीचे भाडे तर कुणाच्या नावाने रंगवता येत नाही ना.”

तो मुलगा आता पेटीवर अलंकार वाजवतो. बोटे अजून लयीची आहेत, सुराची व्हायची आहेत. हलगी कपाटात आहे. कधीतरी तो स्वतः मागेल, तर देईन, नाही मागितली तर नाही, असे ती म्हणते. हा निर्णय तिने एकटीने घेतलेला नाही. त्याच्या वडिलांना विचारून घेतला आहे.

सध्या तिची अडचण वेगळी आहे. तबल्याचे मास्तर गणपतीनंतर आले नाहीत. लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात त्यांना दुप्पट मिळते, आणि त्यांना दोन मुली आहेत. त्यांना कुणी बोल लावू नये. तूर्त ही स्वतःच मुलांपुढे उभी राहून हाताने टाळी-खाली देत त्रितालाच्या सोळा मात्रा मोजून घेते आणि पाच वाजताचा वर्ग चुकू देत नाही. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत तबला शिकवणारे कुणी असेल, तर जरूर कळवा. आठवड्यातून तीन दिवस, पाच ते सात. मानधन बेताचे आहे, पण महिन्याच्या पाच तारखेला हातात पडते. जिना मात्र उंच आहे, आणि खाली गिरणी चालू असली तर पहिली दहा मिनिटे काही ऐकू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.