गाळणीला फाशी कशासाठी?

वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरहून राजुऱ्यास जाणाऱ्या वाटसरूला कोळशाच्या ट्रकांची ओळख करून द्यावी लागत नाही. एकीकडे सास्ती, गोवरी, पोवनीच्या खाणी, दुसरीकडे गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने. मधले रस्ते डिझेलच्या धुराचे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या ट्रकांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, येऊन बसली. आता मालक आणि मिस्त्री एका सुरात म्हणतात, या गाळणीने चांगल्या इंजिनाचे वाटोळे केले!

हा आरोप सर्वस्वी खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. भर पावसाळ्यात वाटेतच ट्रकाची ताकद आपोआप उतरते, गाडी गॅरेजपर्यंत ओढून न्यावी लागते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा मालकाला स्वच्छ हवेचे पाठ देणे क्रूरपणाचे होईल. पण दोष कोणाचा, हे नीट पाहिले पाहिजे.

ही गाळणी सिरॅमिकच्या पोळ्यासारखी असते. तिच्या भिंतींत अडकलेली काजळी सुमारे सहाशे अंश उष्णतेत जळून जाते. हमरस्त्यावर भरल्या वजनाने तास-दोन तास धावणाऱ्या गाडीत हे काम चालकाच्या नकळत उरकते. पण जी गाडी खाणीच्या फाटकापाशी आणि वजनकाट्यापाशी इंजिन चालू ठेवून खोळंबते, दहा हात सरकते आणि पुन्हा थांबते, तिचा धूर तापतच नाही. त्यात कोळशाच्या धुळीने हवेचा फिल्टर तुंबतो, इंजिनाला हवा कमी पडते, काजळी वाढते. स्वस्तातले ऑइल घातले तर त्याची राख गाळणीत साठते, आणि राख जळत नाही. ती झाडूनच काढावी लागते. गाडी उभी करून गाळणी तापविण्याची सोय असते खरी. परंतु कोळशाच्या ढिगाशेजारी ती सोय वापरणारा चालक शहाणा म्हणता येणार नाही!

मग गाळणी पोकळ करण्याचा आणि संगणकाला फसविण्याचा चोरटा इलाज पुढे येतो. तो पीयूसीच्या तपासणीत बहुधा उघडकीसही येत नाही. कारण ही तपासणी धुराचा काळेपणा पाहते, आणि आजचे इंजिन गाळणीवाचूनही फारसा काळा धूर सोडत नाही. फुप्फुसात खोल उतरणारे सूक्ष्म कण मात्र बेधडक बाहेर पडतात. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्येच दिला आहे. आणि चंद्रपूर? देशातील अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत केंद्रीय मंडळाने २००९ मध्येच त्याला बसविले होते.

नियम दिल्लीत झाले, गाळणी कारखान्यात बसली, आणि ती सांभाळण्याचा भार मात्र राजुऱ्याच्या एकट्या ट्रकमालकावर पडला. हा कुठला न्याय? रांगेत सडविण्याऐवजी प्रत्येक ट्रकाला भरण्याची वेळ आगाऊ ठरवून देणे खाणींना आणि कारखान्यांना अशक्य नाही. वाहतुकीच्या करारात गाळणी शाबूत असल्याची अट घालावी, आणि तिच्या सफाईचा खर्च दरात धरावा. गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी गाळणी साफ करण्याची यंत्रे आणि ती चालविणारे शिकलेले मिस्त्री बल्लारपूर-राजुरा परिसरातच ठेवावेत. नागपूरची वारी कशासाठी?

आणि शासनाने? नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून वाहन तपासणीत धुरातील कण मोजणारे यंत्र आणले. पोकळ गाळणी त्यापुढे टिकत नाही. तसे यंत्र आपल्या नियमांत यावे, आणि त्यातले पहिले राजुऱ्याच्या नाक्यावर बसावे.